सुरीला पैसे आहेत, सुईला नाहीत

गेल्या पावसाळ्यात उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीतली एक मुलगी आईला घेऊन माझ्याकडे आली. वय १९, बी.कॉम.चं दुसरं वर्ष. आई चार घरी धुणीभांडी करते, वडील ई-रिक्षा चालवतात. मुलीच्या डाव्या छातीत गाठ होती. आंघोळ करताना हाताला लागलेली ही गाठ तिने आठ महिने कुणालाच सांगितली नव्हती. शेवटी आईला सांगितली, तेव्हा आईच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं : "कोणाजवळ बोलू नको, लग्नाची पोरगी हायेस तू."

दोघी गुपचूप एका खासगी नर्सिंग होममध्ये जाऊन आल्या. डॉक्टरांनी दोन मिनिटं हाताने चाचपून पाहिलं आणि सोमवारी भरती व्हायला सांगितलं. सोनोग्राफी नाही, सुईची तपासणी नाही. ऑपरेशनचे ३५ हजार. आई कानातले गहाण ठेवायला निघाली होती. माझ्याकडे ती आली होती ते कर्ज कुठे मिळेल हे विचारायला. उपचार बरोबर आहे की नाही, हा प्रश्न तिच्या डोक्यातच नव्हता. "डॉक्टर कापाचंच म्हणून राहिले ताई. आता कापाच लागन ना?"

या शेवटच्या प्रश्नावर मला लिहायचं आहे. कारण आपल्या बायकांच्या आयुष्यात 'कापावंच लागेल' किंवा 'काही नाही, दुर्लक्ष करा' ही दोनच वाक्यं येतात. या दोन वाक्यांच्या मध्ये वैद्यकशास्त्राने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जे काही उभं केलं, ते आपल्यापर्यंत पोहोचत नाही. हा योगायोग आहे असं मी मानत नाही.

आधी शास्त्र काय म्हणतं ते नीट समजून घेऊ. अर्धवट माहितीवर आंदोलन उभं राहत नाही.

छातीतली प्रत्येक गाठ कॅन्सर नसते. तरुण मुलींमध्ये तर बहुतेक गाठी साध्याच असतात. पंधरा ते पस्तीस या वयात सगळ्यात जास्त आढळते ती फायब्रोअॅडेनोमा नावाची गाठ. घट्ट, रबरासारखी, सहसा न दुखणारी, बोटाखालून निसटणारी. इतकी निसटते की इंग्रजीत तिला 'छातीतला उंदीर' म्हणतात. हार्मोन्सच्या चढउताराशी तिचा संबंध असतो आणि पाळी गेल्यावर ती अनेकदा आपोआप आक्रसते. साध्या फायब्रोअॅडेनोमाचा पुढे कॅन्सर होतो ही भीती निराधार आहे. दुसरा प्रकार सिस्टचा, म्हणजे पाण्याची गाठ. तिसरा बाळंतिणीच्या छातीत होणारा पू. पाळीच्या आधी छाती गाठीगाठींची लागणं, दुखणं, हेही बऱ्याच जणींना होतं आणि त्याला बहुतेक वेळा काहीच करावं लागत नाही.

पण साधी गाठ 'साधी' आहे हे ठरवायचं कुणी? हाताने चाचपून ते ठरत नाही, कितीही मोठा डॉक्टर असला तरी. त्यासाठी तिहेरी तपासणी असते : डॉक्टरने हाताने तपासणं, मग सोनोग्राफी (चाळिशीनंतर तिच्या जोडीला मॅमोग्राफी), आणि गरज असेल तर सुईने गाठीचा तुकडा काढून तो पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांना दाखवणं. या जाड सुईच्या तपासणीला दवाखान्यात ट्रू-कट बायोप्सी म्हणतात. जागा बधिर करून होते, टाका पडत नाही, त्याच दिवशी घरी जाता येतं. आणि वस्तीत घट्ट बसलेली एक समजूत इथेच खोडून काढते : सुई टोचल्याने साध्या गाठीचा कॅन्सर होत नाही. 'लोखंड लागलं की गाठ बिघडते' या वाक्यामुळे किती बायका तपासणी अर्धवट सोडून परत आल्या, हे वस्तीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा.

तिन्ही तपासण्या 'साधी गाठ' असं एकमुखाने म्हणाल्या, की पुढचे पर्याय उघडतात. पहिला पर्याय काहीच न करण्याचा. म्हणजे दुर्लक्ष करायचं नाही, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून लक्ष ठेवायचं. लहान, न वाढणाऱ्या गाठीसाठी हा पूर्णपणे शास्त्रीय उपचार आहे. पाण्याची गाठ दुखत असेल तर सोनोग्राफीत बघत सुईने पाणी ओढून घेतात, काही मिनिटांचं काम. पाण्यात रक्त दिसलं किंवा गाठ उरली तरच पुढची तपासणी. बाळंतिणीच्या छातीतला पूसुद्धा आता बऱ्याच वेळा सुईने, लागेल तितक्यांदा ओढून आणि सोबत अँटिबायोटिक देऊन बरा करता येतो. पूर्वी सरसकट चिरा द्यायचे. चिरा दिला की रोजचं ड्रेसिंग, बाळाला अंगावर घेताना जीव जाणं आणि मग सासूने 'दूध तोडा' म्हणणं, ही साखळी आपल्या घरांत सगळ्यांनी पाहिली आहे.

मग येते व्हॅक्यूमची पद्धत. जागा बधिर करायची, तीन ते पाच मिलिमीटरचा छेद घ्यायचा, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत पोकळ सुई गाठीखाली न्यायची आणि गाठ तुकड्यातुकड्याने आत ओढून काढायची. टाके सहसा लागत नाहीत, वर पट्टी लावतात, तासाभरात बाई चालत बाहेर पडते. थोडं काळं-निळं होतं, क्वचित रक्त साचतं, कधी गाठीचा अंश मागे राहून ती पुन्हा वाढते. साधारण तीन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गाठीला ही पद्धत तितकीशी चांगली नाही. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २००६ मध्येच या पद्धतीबद्दल मार्गदर्शन प्रसिद्ध केलं होतं. म्हणजे ही काही कालपरवाची जादू नाही. याशिवाय गाठ सुईने गोठवून मारण्याची क्रायो पद्धत आहे, अमेरिकेत फायब्रोअॅडेनोमासाठी तिला २००१ पासून मान्यता आहे. बाहेरून ध्वनिलहरी एकवटून गाठ जाळण्याची पद्धतही आहे. या दोन्हींत गाठ बाहेर काढत नाहीत, मेलेली गाठ शरीर काही महिन्यांत हळूहळू जिरवतं. म्हणूनच आधी बायोप्सी झाल्याशिवाय या पद्धतींना हातही लावता कामा नये. गाठच हाती उरत नसेल तर चूक कळणार कशी?

आणि कापून काढणं हा गुन्हा नाही, हेही स्पष्ट लिहिते, नाहीतर उद्या कुणी माझा लेख दाखवून ऑपरेशन टाळेल. गाठ भराभर वाढत असेल, मोठी असेल, तपासण्यांचं एकमेकींशी जुळत नसेल, किंवा फायलॉइड्स नावाच्या वेगळ्या गाठीचा संशय असेल तर नीट शस्त्रक्रियाच करावी लागते. फायलॉइड्स व्हॅक्यूमने कुरतडून चालत नाही, ती अखंड काढावी लागते. आणि गाठ विरघळवणारं चूर्ण, लेप, मंतरलेलं पाणी विकणाऱ्यांबद्दल एवढंच, की फायब्रोअॅडेनोमा विरघळवते असं सिद्ध झालेलं कुठलंही चूर्ण नाही. कालामांना बुद्धांनी जे सांगितलं ते फक्त बाबा-बुवांनाच लागू नाही. पांढरा कोट घातलेला माणूस कारण न देता 'सोमवारी या' म्हणतो, तिथेही लागू आहे.

आता त्या मुलीकडे परत येते. आम्ही तिला सरकारी रुग्णालयात नेलं. केसपेपरची रांग, मग सर्जरीच्या ओपीडीची रांग, मग सोनोग्राफीसाठी तीन आठवड्यांनंतरची तारीख. सोनोग्राफी झाली, सुईच्या तपासणीसाठी आणखी दहा दिवस. रिपोर्टसाठी आणखी आठवडा. या काळात आईचे सात खाडे पडले, आणि एका घरच्या मालकिणीने दुसरी बाई ठेवली. रिपोर्ट आला : फायब्रोअॅडेनोमा, १.८ सेंटिमीटर. निवासी डॉक्टर तरुण होती. तिने खुर्ची पुढे ओढून नीट सांगितलं, की आत्ता काढायची काही गरज नाही, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. मुलीने तिला नाही, बाहेर आल्यावर मला विचारलं, "म्हणजे ताई, नाही काढलं तरी चालते?" आई मात्र अस्वस्थ. "कापलं नाही तं बरं कसं होईन?"

आईला हसू नका. तिने आयुष्यभर पाहिलेली आरोग्यव्यवस्था तिला हेच शिकवत आली आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांची गर्भाशयं काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, तेव्हा शासनाच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली होती. अंगावरून पांढरं जातं, पोटात दुखतं, यावर तपासणी आणि औषध हा उपाय होऊ शकतो, हे त्यातल्या किती जणींना कुणी बसून सांगितलं असेल? दुसरीकडे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (२०१९-२१) सांगते की देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी कॅन्सरसाठी स्तनांची तपासणी कधीतरी झालेल्या बायका आहेत फक्त ०.९ टक्के. शंभरात एकही नाही. एम.ए.ला असताना आम्हाला 'वैद्यकीयीकरण' शिकवलं, म्हणजे आयुष्याच्या प्रत्येक गोष्टीत डॉक्टर घुसतो ती प्रक्रिया. पुस्तक वाचताना पटलं होतं. वस्तीत काम करायला लागल्यावर कळलं की आपल्या बायकांच्या वाट्याला वैद्यकशास्त्राचा अतिरेक आणि त्याचा अभाव एकाच शरीरात येतो. तपासायला कुणी नाही, कापायला मात्र सगळे तयार.

असं का होतं, याचं उत्तर डॉक्टरच्या स्वभावात शोधू नका, पैसा कुठून कुठे वाहतो ते बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असो की आयुष्मान भारत, या योजनांचा पाया आहे भरती होणं. बाई खाटेवर आली की पॅकेज लागू होतं. तिच्या खाटेवर येण्याआधीच्या गोष्टी, म्हणजे ओपीडीतली सोनोग्राफी, सुईची तपासणी, सहा महिन्यांनी पुन्हा येणं, यांना योजनेत जवळजवळ जागा नाही. म्हणजे ज्या तपासणीमुळे ऑपरेशन टळू शकतं ती बाईने खिशातून करायची, आणि न टळलेल्या ऑपरेशनचे पैसे सरकार देणार. या लेखाचं शीर्षक तिथून आलं आहे. राज्य शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी-उपचार मोफत केले, हे चांगलं झालं, त्याचं श्रेय द्यायला हवं. पण वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याखाली येतात, आणि सोनोग्राफीत बघून छातीची बायोप्सी करणारा रेडिओलॉजिस्ट सापडलाच तर मुख्यतः तिथे सापडतो.

वयाचं गणितही बघा. शाळकरी आणि किशोरवयीन मुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, दहा ते एकोणीस वयाचा. आशाताई वस्तीत जो असंसर्गजन्य आजारांचा फॉर्म भरतात, ज्यात स्तनांच्या तपासणीचा भाग आहे, तो तीस पूर्ण झालेल्यांचा. वीस ते एकोणतीस कुठे गेल्या? फायब्रोअॅडेनोमाचं ऐन वय ते, आणि सरकारच्या कागदावर त्या वयाच्या बाईची आठवण फक्त ती गरोदर राहिली तरच येते.

माझी एक सहकारी पुण्यात आहे. जवळपास तेवढीच गाठ, तेच निदान. कंपनीचा विमा, ओळखीतला रेडिओलॉजिस्ट. सकाळी व्हॅक्यूमने गाठ काढली आणि दुपारी तिने मला चहा पिताना फोन केला. तिच्याबद्दल माझ्या मनात तक्रार नाही. पण 'व्रण न राहणं' ही तिच्यासाठी सेवा आहे आणि आमच्या मुलीसाठी चैन, हे कोणत्या नियमाने ठरलं? कमीत कमी चिरफाडीची गरज कुणाला जास्त आहे? जिला टाके सुकेपर्यंत पगारी रजा मिळते तिला, की जिचा तिसऱ्या दिवशी खाडा परवडत नाही तिला?

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना हाच मुद्दा मांडला होता : कामगार बाईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलायला हवा. पुढच्या वर्षी तो कायदा झाला. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये संततिनियमनाची साधनं सरकारने उपलब्ध करून द्यावीत या ठरावाचं भाषण त्यांनी तयार केलं, सभागृहात ते रोहम यांनी मांडलं आणि ठराव फेटाळला गेला. सभ्य लोकांना ज्या विषयाची लाज वाटत होती तो विषय बाबासाहेबांना कायदेमंडळात नेण्यासारखा वाटला. आपण त्यांचे अनुयायी मात्र बाईच्या शरीराचा विषय विहाराच्या दारातही येऊ देत नाही.

हे मी आरोप म्हणून लिहिते आहे. दरवर्षी आठ मार्चला आपण व्यासपीठावरून त्रावणकोरच्या चन्नार स्त्रियांचा लढा सांगतो, १८५९ मध्ये त्यांनी अंग झाकण्याचा हक्क कसा मिळवला ते सांगतो. टाळ्या पडतात. त्याच सभेत पहिल्या रांगेत बसलेल्या बाईच्या छातीत गाठ असेल तर ती कुणाला सांगेल? धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमी परिसरात आपली किती आरोग्य शिबिरं लागतात! रक्तदाब, साखर, डोळे, रक्तदान. मी इतकी वर्षं स्वयंसेवक म्हणून उभी राहते, पण पडदा लावून, बाई डॉक्टर बसवून स्तनांची तपासणी करणारा स्टॉल माझ्या वाट्याला आला नाही. दोन वर्षांपूर्वी मी सुचवलं, तर समितीतला एक जुना कार्यकर्ता म्हणाला, "ताई, गर्दीत बरं दिसणार नाही." गर्दीतच तर बाया येतात, दादा.

आणि हे अशक्य नाही. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या गरीब वस्त्यांमध्ये दीड लाखांहून जास्त बायकांना घेऊन मोठा अभ्यास केला. त्यातल्या तपासणीच्या गटात, प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी हाताने स्तन तपासले. २०२१ मध्ये त्याचे वीस वर्षांचे निष्कर्ष आले : तपासणी झालेल्या बायकांमध्ये कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये त्याने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. तो अभ्यास कॅन्सरचा होता, साध्या गाठींचा नाही. पण वस्तीतली, आपल्यासारखीच शिकलेली बाई हे काम नीट करू शकते, एवढं त्याने दाखवून दिलं. समता सैनिक दलाच्या मुलींना लाठी शिकवतो तसं हेही शिकवता येईल.

शासनाकडे मागायचं काय, याबद्दल माझं मत साधं आहे आणि काहींना ते कमी वाटेल. क्रायो आणि ध्वनिलहरींची यंत्रं मागत बसू नका, ती मला आजवर खासगी रुग्णालयांच्या जाहिरातींतच भेटली आहेत. आधी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस अशी ओपीडी मागा, जिथे हाताची तपासणी, सोनोग्राफी आणि सुई एकाच दिवशी, एकाच छताखाली होईल. आमच्या मुलीच्या आईचे सात खाडे त्याने दोनवर आले असते. मग प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात व्हॅक्यूमचं यंत्र. त्याची सुई एकदाच वापरायची असते आणि महाग असते, म्हणून यंत्र येऊनही धूळ खात पडतं, हा धोका ओळखून सुयांची तरतूद मागणीपत्रातच लिहा. आणि योजनांच्या पॅकेजमध्ये भरतीशिवायची सुईची तपासणी घाला. माहिती अधिकाराचा एक अर्ज आजच टाकता येईल : आपल्या जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयांत गेल्या वर्षी छातीच्या साध्या गाठींची ऑपरेशनं किती झाली, आणि त्यातल्या किती जणींची आधी ट्रू-कट बायोप्सी झाली होती. या दोन आकड्यांमधलं अंतर घेऊन अधिष्ठात्यांच्या दालनात जा.

त्या मुलीचं पुढे काय झालं, असं विचाराल. सहा महिन्यांनी सोनोग्राफी केली, गाठ तेवढीच होती. डॉक्टर म्हणाल्या, ठेवा. पण मुलीला परीक्षेच्या दिवसांत झोप येत नव्हती, हात सारखा तिथेच जायचा. तिने ठरवलं, काढायची. तो तिचा अधिकार आहे, आणि या वेळी ती घाबरून नाही, सगळे कागद वाचून ठरवत होती. तिने स्वतः विचारलं, "मॅडम, ती सुईवाली पद्धत इथे होते का?" डॉक्टरांनी मान हलवली. इथे नाही. खासगीत होईल.

पुढच्या महिन्यात तिची ऑपरेशनची तारीख आहे. चिरा निपलच्या कडेने घेतला तर व्रण दिसत नाही, हे तिने डॉक्टरांकडून कबूल करून घेतलं आहे. आईने त्या आठवड्याची सुट्टी आधीच तिन्ही घरी सांगून ठेवली आहे.